आर्गॉन म्हणजे अडीच मिलिमीटर

भुसावळ, वर्कशॉपची वही

१४ नोव्हेंबर

मेव्हणा काल रात्री पॅसेंजरने उतरला. दोन गाठोडी. एकात कपडे, दुसऱ्यात ड्रायसूट. मुंबईहून सेकंडहँड घेतलेला. तीन पदरी कापड, गळ्याला आणि मनगटांना लॅटेक्सची सीलं, छातीवर गॅस भरायचा व्हॉल्व, डाव्या दंडावर सोडायचा. सौ. म्हणाली, हा काय पावसाळी कोट आहे का. तसं पाहिलं तर पावसाळी कोटच आहे, फक्त चहूबाजूंनी बंद.

मेव्हणा पाणबुड्याचं काम करतो. जेट्टीचे खांब, धरणाचे दरवाजे, पाणीपुरवठ्याच्या इनटेकच्या जाळ्या. आतापर्यंत आपल्या भागातल्या पाण्यात वेटसूटवर, म्हणजे आत पाणी शिरू देणाऱ्या रबरी सूटवर, भागायचं. मार्चमध्ये हिमाचलात एका जलविद्युत प्रकल्पाचं काम आहे. बर्फ वितळून आलेलं पाणी, पाच-सहा अंश, वीस मीटर खोल, एका बुडीला पाऊण तास. तिथे वेटसूट घालून उतरायचं म्हणजे कुडकुडत वर यायचं.

त्याचा प्रश्न असा: "दाजी, तुमच्याकडे टिग वेल्डिंगचा आर्गॉन गॅस असतो ना? सूटमध्ये हवेऐवजी आर्गॉन भरला तर ऊब जास्त राहते म्हणतात. खरं का?"

मी म्हटलं मोजून बघू. बोलून गेलो आणि अडकलो.

१७ नोव्हेंबर

आधी कागदावर. ड्रायसूट स्वतः ऊब देत नाही. तो पाणी बाहेर ठेवतो, बस. ऊब राहते ती आतल्या कपड्यांत अडकलेल्या गॅसच्या थरामुळे. खाली जाल तसं पाणी सूटला दाबतं, थर चेपतो, म्हणून व्हॉल्वमधून गॅस भरत राहायचं. हे सगळं सासूबाईंच्या गोधडीत आधीच आहे. गोधडीची ऊब चिंध्यांत नसते, चिंध्यांमध्ये अडकून बसलेल्या हवेत असते. म्हणून तर नवी गोधडी जुनीपेक्षा उबदार, जुनी दबून पातळ झालेली असते.

आता गॅस. उष्णता किती सहज वाहू देतो त्याचा आकडा, वॅट प्रति मीटर प्रति अंश, साधारण खोलीच्या तापमानाला: हवा ०.०२६, आर्गॉन ०.०१८, कार्बन डायऑक्साइड ०.०१७, हेलियम ०.१५. पाणी ०.६. म्हणजे आर्गॉन हवेच्या दोन तृतीयांश उष्णता नेतो, हेलियम जवळजवळ सहापट नेतो, आणि पाण्याचं तर विचारूच नका, हवेच्या तेवीसपट.

या आकड्यावर दाबाचा फरक फारसा पडत नाही. वीस मीटरवर गॅस तिप्पट दाट होतो, पण उष्णता नेण्याची त्याची ताकद तीच राहते. रेणू तिप्पट होतात, पण प्रत्येक रेणू दुसऱ्याला धडकण्याआधी एक तृतीयांशच अंतर जातो, हिशेब बरोबरीत सुटतो. हे वाचून मला बरं वाटलं, कारण याचा अर्थ चाचणी ड्रममध्ये, वर जमिनीवर केली तरी चालेल.

आर्गॉनचं वेड कुठून आलं तेही समजलं. खूप खोल जाणारे लोक श्वासाला हेलियम मिसळलेला गॅस घेतात, नायट्रोजनची नशा चढू नये म्हणून. तोच गॅस सूटमध्ये भरला तर माणूस गारठतो. म्हणून ते सूटसाठी वेगळी छोटी बाटली लावतात आणि तिच्यात आर्गॉन. हेलियमच्या तुलनेत आर्गॉन म्हणजे रजईच. पण आपला गडी हेलियम घेणार नाही, साधी हवा घेणार. त्याच्यासाठी तुलना हवा आणि आर्गॉन एवढीच. इथेच गंमत निम्मी कमी झाली.

२१ नोव्हेंबर

यावलकडे सासरी. ठरवलं होतं मेव्हण्याला सूट घालून विहिरीत उतरवायचं. साठ फूट विहीर, पाणी भरपूर. सकाळी सहाला बाहेर अकरा अंश. कान सुन्न. विहिरीच्या तोंडातून वाफ निघतेय! बादलीला थर्मामीटर बांधून सोडला. २६ अंश.

हे मला आधी सुचायला हवं होतं. जमिनीखालचं पाणी वर्षभराच्या सरासरी तापमानाला धरून असतं आणि खानदेशात ती सरासरी काही कमी नाही. हिवाळ्यात विहीर म्हणजे गरम पाण्याचा हौद. मेव्हणा तसाच चड्डीवर उडी मारून पोहून आला.

सासूबाई काठावर उभ्या. "काय करू राह्यले जावईबापू, विहिरीले ताप आला का?"

बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन परत. दिवस वाया गेला म्हणणार नाही.

२६ नोव्हेंबर

माणसाचा नाद सोडला, आधी भांडं. रचना अशी:

दोनशे लिटरचा पत्र्याचा ड्रम, वरचं तोंड कापलेलं. बर्फ फॅक्टरीतून लादी आणून फोडून टाकायची, पाणी एक अंशावर धरायचं, मधूनमधून ढवळायचं. आत दोन लिटरची स्टीलची किटली, ४५ अंशाचं पाणी भरून, झाकणातून थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजायची, वायर. किटलीभोवती सूटच्या आत घालायच्या कपड्याचं पॉलिस्टर फ्लीस, सगळीकडून दहा मिलिमीटर. त्यावर ताडपत्रीवाल्याकडून वेल्डिंग करून घेतलेली पीव्हीसीची पिशवी. पिशवीला मोटारसायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व. खाली शिसं बांधून सगळं बुडवायचं आणि तासाभराने किटलीतलं पाणी किती उतरलं ते बघायचं.

पहिलीच पिशवी गळकी. शिवणीत नाही, व्हॉल्वच्या बुडाशी. पंक्चरचं सोल्युशन पीव्हीसीला धरत नाही हे मला, तीस वर्षं वर्कशॉप चालवणाऱ्याला, आज कळलं.

२९ नोव्हेंबर

व्हॉल्व दोन वॉशरमध्ये आवळून बसवला. कोरडी राहिली.

हवा: ४५ वरून ३८.१. सहा पूर्णांक नऊ अंश गेले.
पुन्हा हवा: ३८.२. ठीक, भांडं भरवशाचं आहे.

१ डिसेंबर

आर्गॉन: ४०.९! चारच अंश गेले.

मेव्हणा नाचायचाच बाकी होता. लगेच फोनवर कुणाला तरी सांगत सुटला. मला मात्र झोप येईना. गॅसच्या आकड्यात फरक एक तृतीयांशाचा. बाकी काहीही न करता एकट्या गॅसने नुकसान चाळीस टक्के कमी झालं तर पुस्तक चुकलं किंवा मी चुकलो. पुस्तक चुकायची शक्यता कमी.

२ डिसेंबर

मी चुकलो. सिलिंडरच्या रेग्युलेटरवरून भरताना पिशवी टम्म झाली होती. हवा मी सायकलच्या पंपाने भरली होती, दमल्यावर थांबलो होतो. म्हणजे आर्गॉनच्या वेळी थर जाड होता. मी गॅस मोजतच नव्हतो, जाडी मोजत होतो.

आता दर वेळी काट्यावर: पिशवी बुडवली की वर ढकलण्याची ताकद स्प्रिंगच्या तराजूने बघायची, सगळ्या गॅसना सारखी आली की मगच घड्याळ सुरू.

मेव्हण्याला सांगितलं तर म्हणाला, "राहू द्या ना दाजी, पहिलं रीडिंग चांगलं होतं."

५ ते ८ डिसेंबर

रोज संध्याकाळी एक-दोन रीडिंग. बर्फवाला विचारतो, लग्न आहे का घरात.

आर्गॉन, नुसता भरलेला: ३८.७. हवेपेक्षा जेमतेम अर्धा अंश बरा. कारण पिशवीत आधीची हवा तशीच होती, आर्गॉन तिच्यात मिसळला.

आर्गॉन, तीनदा भरून तीनदा काढून, चौथ्यांदा भरलेला: ३९.४. दुसऱ्या दिवशी पुन्हा ३९.४.

याचा हिशेब सोपा आहे. पिशवीत जेवढी हवा आहे तेवढाच आर्गॉन घालून मिसळू दिला आणि निम्मं सोडून दिलं, तर हवा निम्मी उरते. पुन्हा केलं की पाव. तिसऱ्यांदा आठवा भाग. खाली उतरतानाही हे थोडं आपोआप होतं: वर सूटमध्ये दहा लिटर हवा असेल तर वीस मीटरवर ती साडेतीन लिटरच्या आतच आकसते आणि रिकामी जागा आर्गॉन भरतो. तरी एक तृतीयांश हवा राहतेच. म्हणून आर्गॉन वापरणारे लोक काठावरच सूट फुगवून, गुडघ्यावर बसून, पुन्हा फुगवून सोडतात. जे हे करत नाहीत ते सिलिंडरचे पैसे देतात आणि हवाच घालून फिरतात.

९ डिसेंबर

कार्बन डायऑक्साइड करून बघितला, मिग वेल्डिंगचा पडून होता. ३९.५. आर्गॉनच्या बरोबरीने. मग हाच स्वस्त, हा का नको? मेव्हण्याच्या मनगटाला ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकची पिशवी बांधली, आत गॅस सोडला. वीस मिनिटांत म्हणाला चुणचुणतंय. घामात हा गॅस विरघळला की सोड्यासारखं सौम्य आम्ल बनतं. पाऊण तास, बंद सूटमध्ये, काखेत आणि जांघेत. नकोच. शिवाय हा सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो, भरभर सोडला की व्हॉल्ववर बर्फ धरतो. थंड पाण्यात भरायचा व्हॉल्व उघडा अडकला तर माणूस फुग्यासारखा वर येतो. हे फडक्याच्या चुणचुणीपेक्षा वाईट.

११ डिसेंबर

हेलियम केवळ हौसेने. बाजारातल्या फुगेवाल्याकडून वाढदिवसाचे मोठे फुगे आणले आणि पिशवीत रिकामे केले. सौ.ला वाटलं नातवाचा वाढदिवस लवकर आला. तासाने किटलीत २३ अंश. बावीस अंश गेले! हात लावला तर किटली गार. तोच कपडा, तीच जाडी, तेच पाणी. आकड्यांवर माझा विश्वास होताच, पण हाताला लागल्यावर जे समजतं ते वेगळं.

मेव्हणा गप्प झाला. त्याच्या ओळखीतले एक-दोघे समुद्रातल्या तेलाच्या कामावर हेलियमवर राहून आलेत. तिथे सूटमध्ये गॅस नसतोच, वरून नळीने गरम पाणी सोडतात, सूटभर फिरून ते बाहेर जातं. ते का, हे आता त्याला कळलं.

१२ डिसेंबर

आजचं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात सोपं. हवाच भरली, पण फ्लीसवर आधी एक ग्लास पाणी ओतलं. तासाने ३१ अंश. चौदा अंश गेले, कोरड्या हवेच्या दुप्पट.

म्हणजे आर्गॉनने वाचवलेलं सगळं, आणि त्याच्या कितीतरी पट, एका ग्लासात बुडतं. एवढं पाणी गळ्याच्या सीलमधून यायला दाढीची खुंटं किंवा एक सुरकुती पुरते. घामही आहेच. काठावर उन्हात अर्धा तास सूट घालून सुपरवायझरची वाट बघितली की पाठ भिजते.

मेव्हण्याचा आतला बनियन सुती आहे. आपण कापसाच्या मुलखातले, पण इथे कापूस नको. सुती धागा पाणी पितो आणि धरून ठेवतो, अंगाला गार पोतेरं चिकटल्यासारखं. पॉलिस्टर किंवा लोकर. सासूबाईंना हे सांगायची हिंमत माझ्यात नाही.

१५ डिसेंबर

आज डोकं चाललं. आर्गॉनने एक अंश आणि तीन दशांश वाचवले, ठीक. पण तेवढेच अंश हवा ठेवून, नुसती जाडी वाढवून वाचवायचे झाले तर किती जाडी?

कपाटातल्या पातळ फ्लीसचा एक पदर, मोजून अडीच मिलिमीटर, किटलीला जास्तीचा गुंडाळला. आत हवा. तासाने: ३९.३.

म्हणजे आमच्या दहा मिलिमीटरच्या थरात आर्गॉनची किंमत अडीच मिलिमीटर फ्लीस. गॅसचा आकडा एक तृतीयांशाने कमी असूनही फायदा फक्त पाचव्या भागाचा का, तर उष्णता नुसती गॅसमधून जात नाही. धाग्यांतून जाते, किरणांनीही जाते, आणि त्या दोघांना आत कुठला गॅस आहे याचं देणंघेणं नाही.

सगळं सारखं असताना मग आर्गॉन कशाला, एक पदर जास्त घाला की! इथे मेव्हण्याने बरोबर मुद्दा काढला. अंगाचं क्षेत्रफळ पावणेदोन-दोन चौरस मीटर. त्यावर अडीच मिलिमीटर म्हणजे साडेचार लिटर जास्त गॅस. साडेचार लिटर माणसाला साडेचार किलोने वर ढकलतं. तेवढं शिसं कमरेला जास्त. "दाजी, जाळीपाशी उभं राहून पाना फिरवायचा असतो, साडेचार किलो तुम्ही बांधा कमरेला." आर्गॉनची खरी किंमत ही आहे: ऊब तेवढीच, पण अंग जाड न होता, शिसं न वाढता.

नॉर्वेच्या संशोधकांनी २००१ साली छापलेल्या एका अभ्यासात खऱ्या माणसांवर हवा आणि आर्गॉन ताडून बघितले होते, तिथे फरक सापडला नव्हता. आधी वाचलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. आता बसतो. पाचव्या भागाचा फायदा किटलीत दिसतो, कारण किटली हलत नाही, घामेजत नाही, तिला सीलं नाहीत आणि तिचे पाय डोक्यापेक्षा वर जात नाहीत. माणूस पाण्यात वाकला की गॅस उंच भागात पळतो, खालची बाजू चेपून पातळ होते. तिथे गॅस कुठला का असेना.

२२ डिसेंबर

थंडीची लाट. जळगावकडे पारा आठवर. रावेर-यावलचे लोक रात्री केळीच्या बागांत काडीकचरा पेटवून धूर करतायत, घडांना पिशव्या चढवल्यात. केळी आपल्यापेक्षा नाजूक, थंडीने पानं पिवळी पडतात, घडाची वाढ थांबते. आमच्यासाठी मात्र हीच वेळ. साडूच्या शेततळ्याचं पाणी पहाटे १५ अंशावर आलंय. हिमाचल नव्हे, पण विहीरही नव्हे.

शेततळं ही खतरनाक जागा. प्लॅस्टिकच्या कागदावर शेवाळ, उतार निसरडा, पडलेला माणूस स्वतःहून बाहेर येत नाही. दोर बांधूनच उतरवला, काठावर दोघं धरून, शिवाय शिडी. पट्टीचा पाणबुडा असला तरी.

त्याला सांगायचं नाही कुठली बाटली लावली. दोन्ही बाटल्यांवर मी कापड गुंडाळलं. दोन दिवस, दोन बुड्या, प्रत्येकी चाळीस मिनिटं तळाशी बसून, काम न करता. छातीवर, मांडीवर आणि पाठीवर थर्मोकपल चिकटवले. खरी उत्सुकता होती ती त्याच्या उत्तराची.

२४ डिसेंबर

वर आला, ओठ निळे, चहा दोन हातांनी धरलेला. साडू काठावरून: "थंडी वाजी ऱ्हायनी का रे भो?" त्याने नुसती मान हलवली.

"आज आर्गॉन होता, नक्की," तो म्हणाला. "काल जास्त गार वाटलं."

आर्गॉन काल होता.

आजचा फरक एवढाच की आज त्याने सासूबाईंनी दिलेली लोकरीची पट्टी कमरेला गुंडाळली होती, मला न सांगता. आईने दिली म्हणून. कातडीचं तापमान पाठीला आज अर्धा अंश जास्तच. म्हणजे माझी चाचणी या गड्याने बिघडवली आणि तरी उत्तर दिलं.

२७ डिसेंबर

सुरक्षेचा भाग लिहून ठेवतो, कारण हा मी वेल्डिंगवाला म्हणून सांगू शकतो.

आर्गॉनला वास नाही, रंग नाही, हवेपेक्षा जड. टाकीच्या आत टिग करताना तो तळाशी साचतो आणि माणूस काही कळायच्या आत आडवा होतो. दम लागत नाही, कारण दम लागायला कार्बन डायऑक्साइड साचावा लागतो, इथे तो प्रत्येक श्वासाला बाहेर जातोच. पाण्याखाली चुकून हा गॅस तोंडात गेला तर दोन-चार श्वासांत शुद्ध जाणार. म्हणून सूटच्या बाटलीला श्वासाचं तोंड जोडायचंच नाही, कधीच, टेस्टिंगलासुद्धा नाही. बाटली आकाराने आणि जागेने वेगळी, अंधारात हाताला कळेल अशी.

दुसरं: श्वासाचं तोंड नसलं की रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे बाटलीवर बसून दाब उतरवणाऱ्या भागात, चढलेल्या दाबाला सुटायला वाट नसते. आतली सीट झिजून दाब हळूहळू चढला तर नळी फुटते. म्हणून तिथे जास्त दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व हवाच. मेव्हण्याने जो सेट आणला त्यात तो नव्हता. विकणाऱ्याने भोकाला बूच मारून दिलं होतं. बसवून घेतला.

तिसरं: मोठ्या सिलिंडरमधून छोट्या बाटलीत आपल्या हाताने गॅस ओतायचा नाही. परवाना असलेल्याकडून, दाबचाचणी केलेल्या बाटलीत. वर्कशॉपमध्ये प्रत्येकाला आपण शहाणे वाटतो.

लागणारा गॅस मात्र किरकोळ. तीनदा धुवायला पंचेचाळीस लिटर, खाली जाताना पंचवीसेक, वर-खाली होण्यात वीस. नव्वद लिटर. टिगच्या टॉर्चला मिनिटाला दहा लिटर जातो, म्हणजे एक बुडी बरोबर नऊ मिनिटांचं वेल्डिंग. सात क्यूबिक मीटरच्या सिलिंडरचा हिशेब केला तर सत्तरेक बुड्या. पैशाचा प्रश्नच नाही.

५ जानेवारी

निर्णय आमच्या हातात राहिलाच नाही. मेव्हण्याने ठेकेदाराच्या सुपरवायझरला फोन केला. तो म्हणाला, साइटवर श्वासाला न चालणाऱ्या गॅसची बाटली पाणबुड्याच्या अंगावर नको, विषय संपला. बॅटरीचं गरम जाकीट? तेही नको, ते आणायला दिल्लीची मंजुरी लागते. मला पहिल्याबद्दल राग आला नाही. वरून नळीने हवा येते, सूटलाही तीच जोडायची, एक गोष्ट कमी बिघडणार. शिवाय मेव्हणा म्हणतो तिथे थंडी दोन नंबरची भीती. एक नंबरची म्हणजे गळत्या दरवाज्याचं ओढणं. पलीकडे पाणी नसतं, फटीत हात गेला की परत येत नाही. थंडीने बोटं बधिर झाली की फट हाताला कळत नाही. म्हणून ऊब हवी.

तर हवा. आणि आर्गॉनचे अडीच मिलिमीटर कपड्यातून काढायचे.

११ जानेवारी

सासूबाईंकडे फ्लीसचा तागा घेऊन गेलो. आधी बाह्या, पाय सगळं शिवायचा विचार होता. मग शिशाचा हिशेब आठवला. पूर्ण अंगाऐवजी फक्त धड, बंडी. धड सहा दशांश चौरस मीटर धरलं तर दीड लिटर, दीड किलो शिसं. हे मेव्हण्याला मान्य.

त्यांना म्हटलं, सुती अस्तर नको. सुईतला दोरा दाताने तोडत म्हणाल्या, "मंग हे लुसलुशीत काय, बाटल्यांचं कापड?" बरोबरच आहे, पॉलिस्टर प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासूनही बनतं. गोधडीसारखे टाके घालायला लागल्या, बोटबोट अंतरावर. मी थांबवलं. प्रत्येक टाका म्हणजे दोन पदर चेपून एक झालेली रेघ, तिथून ऊब जाते. मग कडांना तेवढे टाके आणि मध्ये वितीच्या अंतराने चार. गोधडी ती गोधडीच नाही असं त्यांचं मत पडलं. कॉलर मात्र उंच केली, त्यांच्या मनाने. मला सुचलं नव्हतं.

१९ जानेवारी

बंडी घालून शेततळं, १६ अंश, चाळीस मिनिटं. ओठ गुलाबी. शिसं दोन किलो वाढवावं लागलं, हिशेबापेक्षा अर्धा किलो जास्त, कॉलरचं असावं. दाढी गुळगुळीत करून उतरला होता, सूट आतून कोरडा. नवीन लॅटेक्स गळ्याला बसवलं आहे, कात्रीने एक-एक कडं कापत, दरवेळी गळ्यात घालून बघत. दोन कडी जास्त कापली असती तर सगळं पुन्हा.

१२ मार्च

हिमाचलहून फोन. पाणी सहा अंश, पन्नास मिनिटं, जाळीचे तीन बोल्ट बदलले. "दाजी, अंग एकदम ठीक. बोटं गेली. दुसऱ्या बोल्टनंतर पाना धरलाय का नाही कळेना."

हातमोजे ड्रायच आहेत, कड्यावर बसणारे. पण मनगटाचं सील मध्ये असल्यामुळे सूटमधला गॅस मोज्यात जातच नाही. वर असताना जेवढी हवा मोज्यात होती ती वीस मीटरवर चेपून एक तृतीयांश. आतला लोकरी मोजा दबून कागद झाला असणार.

१३ मार्च

किटलीऐवजी रबरी हातमोजा, त्यात गरम पाण्याचा फुगा, मनगटाशी लॅटेक्सचं कडं. सील आणि कातडीमध्ये दोऱ्याचा तुकडा सरकवून ठेवला की त्याच्या कडेने गॅस झिरपतो, मोजा सूटबरोबर फुगतो. नायलॉनचा दोर जाड पडला, सील उचलून धरलं. सौ.च्या शिवणाच्या डब्यात सासूबाईंचा गोधडीचा दोरा सापडला, दुहेरी केला, बरोबर बसला. पण तो सुती, भिजला तर वात होऊन पाणी आत ओढेल. मासे पकडायच्या तंगुसाचे चार पदर वळून बघितले. बसले.

मेव्हण्याला सांगितलं: मोजा फाटला तर याच वाटेने पाणी सूटमध्ये येणार, म्हणून तुकड्याचं टोक बाहेर दोन बोटं ठेव, ओढून काढता आलं पाहिजे. तो म्हणाला तंगूस इथे मिळतो, उद्या उजव्या हाताला लावतो, डावा तसाच ठेवतो.

त्याने चाचणी करायला शिकलं म्हणायचं. उद्या संध्याकाळी फोन.